खिशातला चाकू: आवडता कसा ठरतो?

आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोघांचे फोन आले. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानांत चाकू कुठून आला, असं दोघांनीही विचारलं. उत्तर सोपं आहे. चाकू तिथे पहिल्यापासून आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्याच भागात सॉक्रेटिस द्राक्षवेलीच्या छाटणीचं उदाहरण देतो. वेलीची फांदी खंजिरानेही कापता येईल, साध्या सुरीनेही कापता येईल; पण त्याच कामासाठी घडवलेल्या छाटणीच्या कोयतीने ती जशी कापली जाईल तशी कशानेच नाही. (नाशिककडचे बागाईतदार हसतील, ते आता कात्री वापरतात.) यावरून तो म्हणतो, की प्रत्येक वस्तूचं एक काम असतं, आणि ते काम चांगलं करणं हाच त्या वस्तूचा गुण. पुढे त्याला आत्मा आणि न्याय यांच्याकडे जायचं आहे, म्हणून तो कोयती तिथेच ठेवून निघून जातो. आज आपण तिथेच थांबणार आहोत.

गेल्या वर्षभरात माझ्याकडे अकरा चाकू जमले. खिशात मावणारे, पातं मुठीत मिटणारे, पारंपरिक घडणीचे. पारंपरिक म्हणजे काय, तर ज्यांचा घाट एखाद्या गावात किंवा भागात पिढ्यानपिढ्या जवळजवळ तसाच राहिला आहे. मूठ लाकडाची, हाडाची, शिंगाची किंवा पितळी पत्र्याची. पातं साधारण तीन इंच. काही परदेशातून येणाऱ्यांनी आणले, काही मागवले, दोन पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाले. मग कोणीतरी सहज विचारलं, "यातला तुमचा आवडता कोणता?" आणि मी गप्प झालो. मूल्यमीमांसा शिकवण्यात नोकरीची वर्षं गेली. 'चांगला', 'उत्तम', 'इष्ट' या शब्दांवर मी तासन्‌तास बोललो आहे. 'आवडता' या शब्दावर कधी बोललो नव्हतो. आपल्याकडे कठोपनिषदापासून श्रेयस आणि प्रेयस अशी जोडी आहे, पण तिथे प्रेयस म्हणजे जे ताबडतोब सुख देतं ते, आणि त्याला सरळ खालच्या पायरीवर बसवलेलं आहे. आवडता चाकू त्या खान्यात बसत नाही. तो मला काही ताबडतोब सुख देत नाही. उलट त्रासच देतो, ते पुढे सांगतो.

आधी 'उत्तम'चा निकाल लावू. सॉक्रेटिसची कसोटी लावली, तर स्विस सैनिकी चाकू जिंकायला हवा. त्याची कहाणी छान आहे. 1890च्या सुमारास स्विस सैन्याने नवी रायफल घेतली. ती खोलायला स्क्रू-ड्रायव्हर लागे आणि शिधा डबाबंद येऊ लागला होता. म्हणून पातं, डबा उघडायचा आकडा, स्क्रू-ड्रायव्हर आणि टोच्या अशी चार हत्यारं एका मुठीत बसवली. पहिली पंधरा हजारांची ऑर्डर मात्र जर्मनीतल्या झोलिंगेनला गेली, कारण एवढा माल काढू शकेल असा कारखाना स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. कार्ल एल्सनर नावाच्या श्वित्स परगण्यातल्या कारागिराला ते रुचलं नाही, आणि 1891पासून तो स्वतः सैन्याला चाकू पुरवू लागला. 1897 साली त्याने दोनच स्प्रिंगांवर सहा हत्यारं बसवून दाखवली. तो 'ऑफिसरचा चाकू'. पुढे आई वारल्यावर तिचं नाव व्हिक्टोरिया आणि न गंजणाऱ्या पोलादाचं फ्रेंच नाव इनॉक्स मिळून व्हिक्टोरिनॉक्स झालं.

आता ॲरिस्टॉटल काय म्हणतो बघा. 'पॉलिटिक्स'च्या सुरुवातीला तो डेल्फीच्या चाकूचा उल्लेख करतो. लोहार काटकसरीने एकाच वस्तूत अनेक कामं कोंबतात, निसर्ग तसं करत नाही. निसर्ग एका कामासाठी एक वस्तू घडवतो, असं त्याचं म्हणणं. म्हणजे स्विस चाकूवरचा आक्षेप सव्वादोन हजार वर्षं आधीच नोंदवून ठेवलेला आहे! (हे उदाहरण ॲरिस्टॉटल स्त्री आणि गुलाम यांचे 'स्वभाव' निरनिराळे आहेत हे सांगायला वापरतो. उदाहरण चांगलं, वापर वाईट. तत्त्वज्ञानात हे फार वेळा होतं.) मला हा आक्षेप पटत नाही. प्रवासात स्विस चाकूइतका कामाचा दुसरा कुठलाच नाही. गुण द्यायला बसलो तर पहिला नंबर त्याचाच. पण तो हरवला तर मी दुसरा आणीन आणि संध्याकाळपर्यंत विसरून जाईन. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपल्याला ती लागणार आहे.

दुसऱ्या टोकाला बार्लो. लांबलचक धातूचं डोकं, त्यावर ठसठशीत नाव, हाडाची मूठ. मूळचा इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, प्रसिद्ध झाला अमेरिकेत. मार्क ट्वेनच्या 1876 सालच्या 'टॉम सॉयर'मध्ये टॉमला पाठांतराचं बक्षीस म्हणून मेरी बार्लो देते. टॉम आनंदाने वेडा होतो. ट्वेन अगदी गंभीरपणे सांगतो, की चाकू काही कापत नव्हता, पण अस्सल बार्लो होता! इथे सॉक्रेटिसची कसोटी पार आडवी होते. आपलं काम न करणारी वस्तू एका पोराच्या जगात सर्वांत मोठी आहे. संग्राहकांमध्ये टॉमची जात मोठी असते, आणि वर्षाच्या सुरुवातीला मीही त्याच जातीचा होतो. चाकू यायचा, पुसून खणात जायचा. नाव, गाव, साल.

फ्रान्समधल्या लायोल गावचा चाकू देखणेपणात पहिला. पाठीवरच्या स्प्रिंगच्या टोकाला कोरलेली माशी, मुठीला बाईच्या कमरेसारखा बाक. गंमत म्हणजे हे नाव कुणा एकाच्या मालकीचं राहिलं नाही. 'लायोल' कोरलेले चाकू त्येर शहरात बनले आणि मग जगात कुठेही बनू लागले. आपल्या गावाच्या नावावर हक्क सांगायला त्या गावाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. देखणा आहे, पण त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त बोलावंसं वाटत नाही. आणि रामपुरीबद्दल कोणी तरी विचारणारच, म्हणून सांगतो. खटक्याचा रामपुरी माझ्याकडे नाही आणि मला नकोही आहे. 1965च्या 'वक्त'मधला राजकुमार आठवून पाहा. तिथे चाकू कापत नाही, तो फक्त उघडतो. हिंदी सिनेमाने रामपूरच्या कारागिरांना कीर्ती दिली ती उघडण्याच्या आवाजाची. ज्या वस्तूची सगळी शान उघडण्यात आहे, तिला खिशात घेऊन मी पेरू कापायचा म्हणजे दोघांचीही पंचाईत.

आता जरा यंत्राकडे येऊ, कारण आवडीचा प्रश्न शेवटी तिथेच सुटला. मिटणाऱ्या चाकूत खरा प्रश्न एकच आहे: उघडलेलं पातं उघडं कसं राहील? शेफिल्डच्या परंपरेत मुठीच्या पाठीत पोलादी पट्टी असते. ती पात्याच्या बुडाला दाबून धरते. पातं अडकत नाही, नुसतं दाबात राहतं. जोर लावला की मिटतं. संग्राहक अशा चाकूचा 'वॉक अँड टॉक' बघतात, म्हणजे पातं किती सरळ चालतं आणि मिटताना कसा 'खट्' बोलतं. ऐकायला मजा येते. पण उघडायला नखाची खाच असते, आणि पट्टी जितकी तगडी तितकं नख मजबूत लागतं. सत्तरीनंतर नखं ठिसूळ होतात. माझ्या अकरांपैकी चार चाकू मला बोटांनी उघडता येत नाहीत, चिमट्यात नाणं धरून उघडावे लागतात. ते चार सुंदर आहेत. काचेआड ठेवावेत असे.

दुसरं उत्तर ओपिनेलचं. आल्प्समधल्या सावोय भागात 1890 साली जोसेफ ओपिनेलने हा शेतकऱ्यांचा चाकू केला. 1897मध्ये 1 ते 12 अशी मापं ठरली. आज सर्वांत जास्त दिसतो तो आठ नंबर. बीच लाकडाची गोल मूठ, त्यात खाच, खाचेत पातं, आरपार एक रिव्हेट. स्प्रिंग नाहीच. 1955 साली मुठीच्या गळ्याशी एक फिरती कडी आली. ती फिरवली की पातं जागच्या जागी बंद. इतक्या कमी भागांत इतकं समाधानकारक यंत्र मी क्वचित पाहिलंय. पण लाकूड ते लाकूडच. जूनमध्ये पाऊस लागला की मूठ फुगते आणि पातं खाचेत घट्ट बसतं. सावोयच्या लोकांनाही हे माहीत आहे. ते कडी मोकळी ठेवून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकतात, की पातं जरा बाहेर डोकावतं. पुण्याच्या पावसाळ्यातही ही युक्ती चालते. कोकणात बहुधा दिवसभर ठोकत बसावं लागेल!

तिसरं उत्तर जपानचं, आणि ते मी कधी कल्पिलं नव्हतं.

क्योतो-ओसाकाच्या पश्चिमेला ह्योगो प्रांतात मिकी नावाचं लोहारांचं गाव आहे. तिथे 1890च्या दशकात हिगोनोकामी नावाचा चाकू तयार झाला. हिगो म्हणजे दक्षिणेकडच्या क्युशू बेटावरचा आजचा कुमामोतो भाग. हिगोनोकामी म्हणजे हिगोचा सुभेदार. गिऱ्हाईक त्या बाजूचं होतं, म्हणून नाव तिकडचं. मूठ म्हणजे दुमडलेला धातूचा पत्रा, माझी पितळी आहे, तिच्यावर ठसा. पात्याच्या बुडाशी मागे निघालेली एक छोटी शेपटी आहे. ती अंगठ्याने दाबली की पातं उघडतं. नख लागत नाही. पण स्प्रिंगही नाही, कडीही नाही, खटका नाही. उघडलेलं पातं उघडं राहतं ते फक्त तुमचा अंगठा त्या शेपटीवर आहे म्हणून. अंगठा काढला, तर पात्याला अडवणारं काही नाही, रिव्हेटचं थोडं घर्षण सोडून.

म्हणजे काय झालं? बाकीच्या चाकूंत कुलूप चाकूच्या आत आहे. इथे कुलूप म्हणजे तुम्ही. टेबलावर ठेवलेला हिगोनोकामी हा पुरता चाकूच नाही. तो हातात धरल्यावर पुरा होतो.

हे मला नवीन वाटलं आणि दोनेक दिवसांनी लक्षात आलं की नवीन नाही. आपली विळी अशीच आहे. विळीचं पातं पाटाला जखडलेलं असतं, पण पाट कशाने जखडलेला असतो? पाटावर ठेवलेल्या पायाने. बसलेली बाई उठली की विळी म्हणजे एक लवंडू शकणारी, धोकादायक वस्तू. म्हणून ती आडवी करून, भिंतीकडे तोंड करून ठेवायची शिस्त. विळीवर कांदा चिरताना दोन्ही हात मोकळे आणि सगळं शरीर त्या पात्याचा दस्ता झालेलं. आणि लोखंडी विळीवर कैरी चिरली की पातं काळं होतं, फोडींनाही काळी छटा येते, हे तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. हिगोनोकामीचं पातंही गंजणाऱ्या पोलादाचं. मधे कठीण पोलाद, दोन्ही बाजूंना मऊ लोखंड, असा सँडविचसारखा प्रकार. नुसतं कठीण पोलाद धारेला उत्तम पण ठिसूळ. मऊ लोखंड त्याला सांभाळून घेतं आणि दगडावर लवकर झिजतं, म्हणून धार लावणं सोपं. या कठीण पोलादाच्या एका प्रसिद्ध जातीला 'निळा कागद' म्हणतात. पोलाद निळं नसतं, कारखान्यातून निघताना त्यावर निळा कागद असतो, एवढंच. मला हे नाव फार आवडतं. विशेषणं शोधत न बसता ठेवलेलं नाव.

तर आता निवड. शेवटचे चार महिने मी नवा चाकू घेतला नाही. अकराही एका खणात ठेवले आणि रोज काय घडतं ते पाहिलं. पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञाने 1938 साली एक कल्पना मांडली होती: माणसाला काय आवडतं ते त्याला विचारू नका, तो काय निवडतो ते बघा. चांगली कल्पना आहे. माझा हात जास्तीत जास्त ओपिनेलकडे आणि हिगोनोकामीकडे जात होता. पण हे दोन खणात पुढे होते. मग मी त्यांना मागे सरकवलं, पुढे स्विस ठेवला. आठवडाभर हात स्विसकडे गेला! म्हणजे सॅम्युएलसनला आवड दिसत होती की खणाची रचना, असा प्रश्न पडतो. दुसऱ्या आठवड्यात मात्र मी मागचं चाचपू लागलो. जवळचं बाजूला सारून लांबचं घ्यावंसं वाटणं, हा पुरावा मला जास्त भरवशाचा वाटतो.

ओपिनेल की हिगोनोकामी? दोन्ही गंजणारे, दोन्ही रंग धरणारे. वापरलेल्या पात्यावर निळसर-काळे डाग चढतात, लिंबाचे वेगळे, सफरचंदाचे वेगळे, आणि ते त्याच एका पात्याचे असतात. हरवला तर दुकानातून येईल तो आठ नंबरच असेल, पण हा नसेल. स्विस चाकूबद्दल मघाशी म्हटलं ते इथे येतं. न गंजणारं पोलाद काहीच लक्षात ठेवत नाही, म्हणून त्याची जागा दुसरा घेऊ शकतो. एवढ्यावरून मात्र दोघांतला एक ठरत नाही.

इथे हायडेगरची मदत घेऊ, आणि त्याच्याशी थोडं भांडू. 1927च्या 'बीइंग अँड टाइम'मध्ये तो हातोडीचं उदाहरण देतो. हातोडी नीट चालत असते तेव्हा आपलं लक्ष हातोडीवर नसतं, खिळ्यावर आणि कामावर असतं. हातोडी मोडली की ती एकदम वस्तू म्हणून समोर येते. यावरून बरेच जण असा निष्कर्ष काढतात की चांगलं हत्यार ते, जे जाणवत नाही. ओपिनेल तसा आहे. कडी फिरवली की पुढे त्याचा विचार करायला नको. हिगोनोकामी तसा नाही. पेरू कापतानाही अंगठा त्याला सांगत असतो, मी आहे, मी आहे. तो मोडलेला नाही, बिघडलेला नाही, अगदी व्यवस्थित चालतो, आणि तरीही जाणवत राहतो. हायडेगरच्या दोन खोल्यांपैकी कुठल्याच खोलीत त्याला नीट बसवता येत नाही.

मला असं वाटतं की आवड म्हणजे गुणांची बेरीज नाही, आणि सवयही नाही. प्रत्येक वस्तूच्या काही अटी असतात. स्विसची अट अशी की मला कुठेही ने, माझ्याकडे बघू नकोस. ओपिनेलची अट: पावसाळ्यात समजून घे. हिगोनोकामीची: मी हातात असेपर्यंत लक्ष दुसरीकडे न्यायचं नाही. ज्या वस्तूच्या अटी आपल्याला, आपल्या आत्ताच्या वयात आणि आत्ताच्या हातांत, मनापासून मान्य असतात ती आवडती. तिशीत मला ओपिनेल आवडला असता, यात शंका नाही. तेव्हा चाकू हातात असताना दहा गोष्टी डोक्यात असायच्या आणि कडी त्यासाठीच हवी होती. आता दिवसात दहा मिनिटं का होईना, एका वेळी एकच गोष्ट करायला भाग पाडणारं काही हवं असतं. शिवाय नखाचा प्रश्न आहेच. कारण इतकं मोठं आणि इतकं लहान, दोन्ही एकदम.

तर उत्तर: हिगोनोकामी.

त्याची एक बाजू सांगायची राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपानी मुलांच्या दप्तरात हा चाकू असे, पेन्सिली तासायला. जसा आपल्याकडे बोरूच्या काळात बोरू तासायला चाकू लागे तसा. 12 ऑक्टोबर 1960 रोजी तोक्योत समाजवादी नेते असानुमा इनेजिरो यांची भर सभेत, व्यासपीठावर, सतरा वर्षांच्या मुलाने हत्या केली. हत्यार होतं आखूड तलवार. हिगोनोकामीचा तिथे काही संबंध नव्हता. पण त्यानंतर मुलांच्या हातात चाकू नको अशी मोहीम उभी राहिली, आणि पेन्सिलीला टोक काढायची यंत्रं होतीच. दप्तरातून चाकू गेला. मिकीत एकेकाळी हे चाकू करणारे बरेच कारखाने होते. आज हे नाव लावून चाकू करणारा एकच उरला आहे, नागाओ कानेकोमा.

इथे मी थांबणार होतो, पण चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे. एका आजींनी लिहिलंय: "माझी नात दहा वर्षांची आहे. तुमचं ऐकून तिला चाकू द्यावा की न द्यावा?"

आजी, माझीही नात त्याच वयाची आहे आणि घरात यावरून मतभेद आहेत, म्हणून तुमच्या सुनेशी किंवा लेकीशी भांडण लागेल असं काही मी सांगणार नाही. आमच्याकडे ठरलंय ते असं. उरलेल्या दहांपैकी एक तिचा, पण तो खणात राहतो, दप्तरात जात नाही. ती येते तेव्हा शेजारी बसून पेन्सिल तासते, पातं स्वतःपासून लांब नेत. मी तिला ओपिनेल देऊ पाहत होतो, कडी आहे म्हणून. तिने हिगोनोकामी उचलला. अंगठा कुठे ठेवायचा ते तिला एकदा दाखवावं लागलं. दुसऱ्यांदा तिनेच मला बजावलं की बोलू नकोस, माझं लक्ष जातं. तेव्हा माझ्या निवडीत आता वाटेकरी आहे, आणि एकाच वस्तूच्या अटी सत्तरीत आणि दहाव्या वर्षी सारख्याच मान्य का व्हाव्यात, हे मी अजून सोडवलेलं नाही. पुढच्या महिन्यात तुमच्याकडे काही उत्तर असेल तर जरूर सांगा.

आणि हो, जाता जाता. ज्यांच्या घरी गंजणारा चाकू असेल त्यांनी वापरून झाल्यावर तो लगेच कोरडा पुसायचा. पावसाळ्यात पात्यावर थेंबभर तेल. मी औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरतो, त्याला वास येत नाही आणि फळाला चव लागत नाही. हिगोनोकामीचं पातं सैल झालं तर रिव्हेटवर लहान हातोडीने हलकेच दोन ठोके द्यायचे. तीन नकोत, मग उघडणार नाही.